रश्श्यात काय आहे, हे विचारायला लाज कसली?

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की नेहरूनगर, आकुर्डी, कासारवाडी, काळेवाडीतल्या घरांत गावाकडची मुले उतरू लागतात. कोणी परभणीहून, कोणी लातूरहून, कोणी चिपळूणहून. पूर्वी या पाहुण्यांच्या मागण्या ठरलेल्या असत. निगडीचे अप्पूघर, भक्ती-शक्ती उद्यान, एक दिवस पुण्याच्या कॅम्पात कपड्यांची खरेदी आणि रात्री तिथेच कबाब. आता मुले फोनमध्ये यादी घेऊनच येतात. ‘‘मामू, कोरियन खिलाओ ना.’’ ‘‘चाचू, रामेन.’’ ‘‘खाला, वाकड में मंदी मिलती कते.’’ मामू रोजा धरून पहिली शिफ्ट करून आलेला असतो. तो म्हणतो, ईद होऊ द्या. ईद होते, आणि शीरखुर्मा पचायच्या आत मुले पुन्हा समोर उभी राहतात.

या मागणीला चोचले म्हणून उडवून लावणे सोपे असते. ‘‘घरात एवढं शिजतंय आणि यांना बाहेरचा कच्चा मासा हवाय,’’ असे दादी म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असते. महिनाभर पहाटे तीनला उठून सहेरी आणि संध्याकाळी इफ्तार रांधणाऱ्या बाईला हे ऐकून राग यायचाच. तरीही मुलांना घेऊन जावे. झेपेल तेवढाच खर्च करावा, वर्षातून एकदा जावे, पण जावे. ही मुले उद्या याच पट्ट्यात नोकरीला येणार आहेत. इथल्या टेबलावर बसायची सवय त्यांना मामूच्या शेजारी बसून लागलेली बरी. आणि त्या टेबलावर एक गोष्ट शिकता येते जी घरी शिकता येत नाही. समोर आलेल्या पदार्थात काय आहे, हे अनोळखी माणसाला न लाजता आणि न चिडता विचारणे. घरी हा प्रश्नच पडत नाही, कारण मटण कोणाकडून आले हे सगळ्यांना ठाऊक असते.

हे परके पदार्थ इथे आले कसे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नवे जेवण बहुधा कामाच्या मागून येते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरी कॅम्पात झाली, त्यांच्यासोबत दाल-पकवान आले आणि इथलेच झाले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढच्या दशकात मोटारी आणि स्कूटरचे कारखाने उभे राहिले, आणि मलयाळी, तमिळ, पंजाबी कामगारांच्या मागून त्यांच्या खानावळी आल्या. दापोडीला स्वीडिश कंपन्याही त्याच सुमारास आल्या. स्वीडिश जेवण मात्र दापोडीच्या पुढे सरकले नाही, त्याचे कारण स्वीडिश लोकच जाणोत. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. जर्मन, जपानी, कोरियन साहेब आले, त्यांच्या जेवणाची सोय करणारी हॉटेले वाकड, हिंजवडी, बाणेरच्या बाजूला निघाली. आधी तिथे साहेब जेवायचे, मग साहेबांबरोबर इथला इंजिनिअर, मग इंजिनिअरची बायको-मुले, आणि आता कोरियन मालिका बघून आलेली परभणीची भाची.

कारखान्याच्या गावाची ही गोष्ट फक्त इथलीच नाही. फोक्सवॅगनचे मूळ गाव जर्मनीतले वोल्फ्सबुर्ग. तिथल्या कारखान्यात १९७३ पासून कंपनी स्वतःचे सॉसेज बनवते. डुकराच्या मांसाच्या या सॉसेजला गाडीच्या सुट्या भागासारखा पार्ट नंबरसुद्धा आहे: १९९ ३९८ ५०० ए. कंपनीने मोटारींपेक्षा सॉसेज जास्त विकली, अशीही वर्षे गेली. २०२१ मध्ये मुख्यालयातल्या एका कँटीनमधून मांसाचे हे सॉसेज काढले, तर देशाचे माजी चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन वर्षांनी ते परत आले. कँटीनच्या ताटावरून होणारी कुरकुर चाकणच्या माणसाला ओळखीची वाटेल. त्याच जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, आणि त्या कामगारांच्या वस्त्यांतून पुढच्या दशकात बर्लिनमध्ये पावात भरलेला डोनर कबाब विकला जाऊ लागला. आज तो जर्मन माणसाचे रोजचे खाणे आहे. चिंचवडच्या चौकात उभ्या सळईवर जे शोरमा म्हणून फिरत असते, ते त्याचेच चुलत भावंड.

खरी अडचण हॉटेलात, मेन्यूकार्ड समोर आल्यावर सुरू होते. मुलांची बोटे चित्रांवरून फिरतात. गावच्या मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा कॉलेजातला भाचा वेटरला हळूच विचारतो, ‘‘भैया, व्हेज में क्या है?’’ त्याला व्हेज नको असते. त्याला चिकन हवे असते. पण ‘चिकन हलाल आहे का’, हे शेजारच्या चार टेबलांना ऐकू जाईल अशा जागी विचारायचे त्याला धाडस होत नाही. हलाल म्हणजे धर्माने खायला मुभा दिलेले. मांसाच्या बाबतीत अल्लाहचे नाव घेऊन, ठरलेल्या रीतीने जबह केलेले. शब्द साधा आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तो उच्चारला की समोरचा माणूस आपल्याकडे कसा बघेल, याचा हिशोब पोरे आधी करतात. कंपनीत लागलेली मुस्लिम मुले टीमच्या जेवणाला हेच करतात. ‘‘आज व्हेजच घेतो, पोट बरं नाही.’’ पोट ठणठणीत असते.

याच्या उलट दुसरा एक नमुना असतो. तो वेटरला असा दरडावतो, जणू त्या गरीब पोराने मुद्दामच काही लपवले आहे. नेपाळहून किंवा ईशान्येकडून आलेला तो वेटर दिवसाचे बारा तास उभा असतो, स्वयंपाकघरात काय पडते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि तिसरा नमुना काहीच विचारत नाही, खातो, आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर शोधत बसतो की आपण खाल्ले ते नेमके काय होते. तिघांनाही एकच गोष्ट कोणी शिकवलेली नाही.

खरे म्हणजे हा प्रश्न एकट्या मुस्लिम टेबलाचा नाही. पलीकडे निगडी प्राधिकरणातले जैन कुटुंब बसलेले असते, त्यांना कांदा-लसूण आणि बटाटाही चालत नाही. त्यांच्या मागे चिकन आवडणारे, पण आज संकष्टी आहे म्हणून फक्त शाकाहारी खाणारे गृहस्थ असतात. कोपऱ्यात एखादे शीख कुटुंब असते. शिखांच्या आचारसंहितेत कुठा, म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेले मांस, वर्ज्य आहे. म्हणजे त्यांचा प्रश्न तोच, फक्त त्यांना हवे असलेले उत्तर उलटे. चार टेबले, चार पथ्ये, आणि एकच वेटर.

परदेशी जेवणात तर हा प्रश्न सगळ्यांनाच पडायला हवा, कारण नावावरून काहीच कळत नाही. रामेन म्हणजे शेवया आणि रस्सा इतकेच मुलांना ठाऊक असते. त्यातला तोनकोत्सु नावाचा पांढरट, दाट रस्सा डुकराची हाडे तासन्‌तास उकळून होतो. वर चिकनचे तुकडे किंवा नुसत्या भाज्या असल्या तरी खालचा रस्सा तोच असू शकतो. मिसो सूप पाहिले तर सोयाबीनचे, शाकाहारी वाटणारे. त्याचा पायाच बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्याचा असतो. किमची म्हणजे कोबीचे लोणचे, असे सांगून शाकाहारी मैत्रिणीला खाऊ घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पारंपरिक किमचीत माशांचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी पडते. थाई हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. इटालियन पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय बनतच नाही, त्यामुळे पास्त्यावर ते किसून घेणाऱ्या कट्टर शाकाहारी माणसाने जरा थांबावे. मिरिन हे जपानी स्वयंपाकातले गोड पाणी म्हणजे तांदळाची दारू, अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल. कोरियन लाल मिरचीची पेस्ट, गोचुजांग, बाटलीबंद विकताना तिच्यातही ती टिकावी म्हणून बऱ्याचदा थोडे अल्कोहोल घातलेले असते. तिरामिसूमध्ये रम किंवा कॉफीची दारू घालण्याची रीत आहे. आणि लहानांना आवडणारे मार्शमेलो जिलेटिनचे, ते जिलेटिन डुकराचे की गुराचे, हे पाकिटावर शोधावे लागते.

सरकारी खुणेने अर्धेच काम होते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. त्रिकोणाच्या आत कोणता प्राणी आहे, हे त्रिकोण सांगत नाही. दारू घातली आहे का, हे तर दोन्ही खुणांच्या कक्षेबाहेरचे. एवढे सगळे पाहिल्यावर वाटते, भाच्याने ‘व्हेज’ म्हणून मागवलेल्या बशीनेही त्याचे पथ्य पाळले असेलच असे नाही. संकोचापोटी चिकनही गेले आणि खात्रीही मिळाली नाही.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. स्टीलचा बार आत आला की पहिला प्रश्न असतो, मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे? कार्बन किती, क्रोमियम किती, हीट नंबर काय? पुरवठादार वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी कागद मागितला जातो, आणि त्यावर तो रुसत नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का’, असे म्हणत नाही. कागद मागणे हा अपमान नाही, हे या पट्ट्यात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे जाणतात. ड्रॉइंगवर जे लिहिले आहे तेच मटेरियल हवे, त्यात भावनेचा प्रश्न येतोच कुठे? दिवसभर हा व्यवहार करणारा माणूस संध्याकाळी हॉटेलात बसतो आणि ‘रस्सा कशाचा आहे’ हे विचारायला कचरतो. किंवा दुसऱ्याने विचारले तर भुवया उंचावतो. वोल्फ्सबुर्गच्या सॉसेजलासुद्धा पार्ट नंबर आहे. वाकडच्या रश्श्याला काय झाले?

मुलांना हेही दाखवावे की प्रश्न विचारणाऱ्यांची उत्तरे एका घरातही एकसारखी नसतात. महाराष्ट्रातले कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे, दख्खनमधले बहुतेक हनफी. शाफई मतानुसार समुद्रातले जवळजवळ सगळे चालते. हनफी मतानुसार मासा चालतो, खेकडा नाही, आणि कोळंबीबद्दल उलेमांमध्येच वाद आहे. त्यामुळे जपानी हॉटेलात चिपळूणचा आतेभाऊ खेकड्याची सुशी खुशाल मागवतो आणि परभणीचा मामेभाऊ हात आखडतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. सोया सॉस आंबताना त्यात आपोआप तयार होणाऱ्या अंशभर अल्कोहोलबद्दलही मते वेगळी आहेत. ज्याला शंका वाटते त्याने सोडून द्यावे, ही जुनी शिकवण आहे. संशयाच्या गोष्टीपासून लांब राहण्याचा सल्ला हदीसमध्ये आहेच. पण ज्याची शंका फिटली आहे त्याच्या ताटात डोकावण्याचा सल्ला कुठे नाही. घरातल्या काही काकांना हा दुसरा भाग विसरायची सवय असते.

खाण्यावरून राज्यात जे राजकारण चालते, त्याच्याकडे डोळेझाक करून हा विषय संपत नाही. मार्च २०२५ मध्ये, ऐन रमजानमध्ये, झटका मटणाच्या हिंदू दुकानदारांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी आली होती. झटका हवा असणाऱ्याला झटका मिळावा, यात वावगे काहीच नाही. तोही ‘माझ्या ताटात काय आहे’ असेच विचारतो आहे, आणि मुस्लिम माणसाने त्याचा हा हक्क सर्वांत आधी मान्य करायला हवा. गडबड होते ती पाटी पदार्थाऐवजी माणूस निवडायला वापरली जाते तेव्हा. अमुक कडून घेऊ नका, तमुकच्या गाडीवर थांबू नका, असे सुरू झाले की प्रश्न मटणाचा उरत नाही. तेव्हा ज्याला खरोखर नुसते मटण हवे असते, तोही तोंड उघडायला घाबरतो. भाच्याचे ‘व्हेज में क्या है’ तिथून आले आहे.

आणि परके-आपले हा हिशोब ताटाच्या बाबतीत फार लांब जात नाही. एकादशीच्या उपवासाचे ताट पाहा. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची तिकडचीच, रताळेही तिकडचे, आणि राजगिऱ्याचे मूळही मेक्सिकोच्या बाजूचे. इथल्या सर्वांत सोवळ्या ताटाइतके विलायती ताट वाकडच्या हॉटेलात मिळणार नाही! रोज्याच्या ताटाचेही तसेच. खजूर अरबस्तान-इराणकडचा. समोसा म्हणजे इराणी संबूसा, जिलेबी म्हणजे अरबी जलाबिया. शीरखुर्मा हा शब्दच फारसी, शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मराठीत आहे. इफ्तारनंतरच्या भज्यांच्या पराती पाहिल्या तर रमजानसाठीही तशी एक म्हण करायला हरकत नाही.

मंदीची गोष्ट तर मराठवाड्याच्या मुलांना मुद्दाम सांगावी. मंदी हा येमेनमधल्या हद्रमौत भागाचा पदार्थ. जमिनीतल्या भट्टीत मांस लटकवायचे, खाली मसाल्याचा भात ठेवायचा, मांसाचा रस त्यावर ठिबकत राहतो. याच हद्रमौतमधून निजामाच्या फौजेत अरब शिपाई आले होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या शिपायांचे वंशज म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेडकडची चाऊस कुटुंबे. आज ती मराठी आणि दखनी बोलतात, ज्वारीची भाकरी खातात. हैदराबादी हलीमही त्यांच्याच हरीसचे इकडे रुजलेले रूप, त्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाकडच्या हॉटेलात परभणीचा एखादा चाऊस मुलगा ‘अरेबियन’ म्हणून मंदीचे थाळ समोर घेऊन फोटो काढतो, तेव्हा तो खरे तर पणजोबांच्या घरचे जेवण पहिल्यांदा पाहत असतो. त्याला कोणी सांगितलेले नसते एवढेच. मंदी एका मोठ्या थाळात येते, सगळ्यांनी मिळून खायची असते, हेही शिकण्यासारखे आहे. भावंडांत एकेक प्लेट वाटून घ्यायची आणि बिल आले की ‘तू जास्त खाल्लंस’ म्हणायचे, ही पद्धत तिथे चालत नाही.

आता कधी जावे याबद्दल. इफ्तारच्या वेळी ‘अनलिमिटेड’ बुफेला मुलांना नेणे हा रमजानमधला सर्वांत वाईट सौदा आहे. दिवसभर रिकामे राहिलेले पोट दोन खजूर, सरबत आणि चार भज्यांत भरते. मग पैसे वसूल करायचे म्हणून ताटे भरून घेतली जातात आणि तशीच टाकून दिली जातात. ज्या महिन्यात उपाशी माणसाची जाणीव व्हावी, त्याच महिन्यात एवढे अन्न कचऱ्यात जाते. उधळपट्टीला कुरआनमध्ये स्पष्ट मनाई आहे, हे बुफेच्या रांगेत आठवायला हवे. शिवाय पावणेसातला रोजा सोडायचा, मगरीबची नमाज पढायची, रात्री तरावीह गाठायची, यात नव्या जेवणाची चव घ्यायला सवड कुठली? चाकणला दुसऱ्या पाळीत काम करणारा माणूस तर त्या वेळी लाइनवर असतो. खिशातल्या खजुरावर रोजा सोडतो आणि शेजारचा सहकारी पाच मिनिटे त्याचे मशीन बघतो. त्याच्या सुट्टीच्या दिवसाची वाट पाहावी. ईदनंतरचा रविवार सर्वांत बरा. मुलांच्या खिशात ईदीही असते. तिच्यातला थोडा वाटा त्यांनी घातला तर पदार्थ निवडताना पोरे बरीच शहाणी होतात.

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. अशा वर्षी एकाच जिन्यावरच्या दोन घरांत पाहुणी मुले एकाच वेळी असतात, आणि दोन दिवसांत त्यांची टोळी एक होते. श्रीखंड इकडे येते, शीरखुर्मा तिकडे जातो. मग हॉटेलात जाताना ‘शेजारच्या काकूंच्या भाचरांनाही घेऊ या’ असे निघाले, तर काकू आधी विचारतात, ‘‘आमच्या पोरांना तिथे शाकाहारी काही मिळेल ना? आणि एकाच कढईत तळत नाहीत ना?’’ या प्रश्नाने कोणाला वाईट वाटत नाही. उलट मामी स्वतः हॉटेलला फोन लावून विचारते, आणि लागलीच पुढचा प्रश्नही विचारून टाकते, ‘‘चिकन कुठून आणता? हलाल आहे का? आणि रश्श्यात पोर्क?’’ दोघींचे प्रश्न एकाच फोनमध्ये, एकाच आवाजात. भाच्याने शिकावी ती ही रीत. जाण्याआधी फोन करावा. हॉटेलात गर्दी नसेल तेव्हा मॅनेजरशी बोलावे. ‘तुम्ही पोर्क देता का’ असा आरोपासारखा प्रश्न नको, ‘आम्ही पोर्क आणि दारू खात नाही, आम्हाला काय चालेल’ असे विचारावे. उत्तर ‘नाही’ आले तर आभार मानून दुसरीकडे जावे. हॉटेलवाल्याने पोर्क ठेवू नये असा आग्रह धरण्याचे कारण नाही. त्याचा कोरियन ग्राहक तेच खायला येतो.

हॉटेलवाल्यांकडे मात्र एक मागणी करता येते, आणि ती सगळ्या टेबलांच्या वतीने करता येते. कोरियाच्या पर्यटन महामंडळाने मुस्लिम पर्यटकांसाठी आपल्याकडच्या हॉटेलांची वर्गवारी केली. अधिकृत हलाल प्रमाणपत्र असलेली, मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर हलाल सांगितलेली, काही पदार्थ हलाल पण दारूही विकणारी, आणि हलाल नसली तरी डुकराचे मांस न वापरणारी. ज्या देशात मुस्लिम नावापुरते आहेत त्या देशाने व्यवसाय म्हणून हे केले. पिंपरी-चिंचवडच्या हॉटेलांना एवढी वर्गवारी नको. मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे रस्सा कशाचा, मांस कोणते, दारू पडते की नाही, मासा-कोळंबी आहे का, एवढे चार शब्द मराठीत छापले तरी जैन आजी, संकष्टीचे गृहस्थ, शीख कुटुंब आणि परभणीचा भाचा या सगळ्यांचे काम होईल. ज्याला शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे, त्याचा तर जीव वाचेल. आणि त्या वेटर पोराची दिवसातून पन्नास वेळा आत जाऊन विचारून येण्याची खेप वाचेल.

ईदनंतरच्या आठवड्यात वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर परतीच्या गाड्या भरतात. मुलांच्या पिशव्यांत कपड्यांसोबत कोरियन नूडल्सची पाकिटे असतात, गावच्या मित्रांना दाखवायला घेतलेली. एकाच कंपनीच्या दोन पाकिटांपैकी एकावर हलालची खूण असते, दुसऱ्यावर नसते. परभणीची भाची खिडकीशी बसून फोनचा कॅमेरा त्या कोरियन अक्षरांवर धरते, भाषांतर वाचते, एक पाकीट वेगळे काढते आणि खिडकीतून मामूच्या हातात देते. ‘‘मामू, ये काकू के इधर भी मत देना. इसमें गोश्त है, वो लोगां नहीं खाते.’’